मंडळीत न्यायशिक्षण, तरुणांची जनवकिली आणि सुवार्ताप्रसार: कोणते काम आधी, कोणते नंतर

नोव्हेंबरचा दुसरा रविवार भारतातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, ‘दलित मुक्ती रविवार’ म्हणून पाळला जातो. पुष्कळ ठिकाणी या रविवारची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. उपासनाक्रमाचे घाईघाईने भाषांतर करून घेतले जाते, बाहेरचा वक्ता बोलावला जातो, तरुण संघातील मुलांच्या हाती फलक दिले जातात आणि उपासना संपल्यावर त्याच मुलांना शेजारच्या वस्तीत सुवार्तेची, म्हणजे येशूच्या संदेशाची, पत्रके वाटायला पाठवले जाते. न्यायाचे शिक्षण, तरुणांचा सहभाग आणि सुवार्ताप्रसार ही तिन्ही कामे अशा रीतीने एका दिवसात उरकली जातात आणि तिन्ही बिघडतात. शिक्षणाची जागा भाषण घेते, तरुण शोभेपुरते उरतात, आणि वस्तीतल्या माणसाला वाटते की हे न्यायाचे बोलणे धर्मांतरासाठीच होते.

साहित्याचा तुटवडा हे या बिघाडाचे कारण सहसा नसते. चुकतो तो क्रम. आधी आपल्या मंडळीची पाहणी, मग शिक्षण, मग तरुणांची जनवकिली, म्हणजे त्यांनी हाती घेऊन अधिकाऱ्यांपुढे मांडलेला एखादा प्रश्न, आणि सुवार्ताप्रसार या सर्वांपासून वेगळा, हा क्रम पाळावा. १० ऑगस्ट हा दिवस अनेक मंडळ्या दलित ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातीच्या दर्जाबाहेर ठेवणाऱ्या १९५०च्या राष्ट्रपती आदेशाच्या निषेधार्थ पाळतात. त्या सुमारास आरंभ केल्यास नोव्हेंबरपर्यंत तीन महिने हाती राहतात आणि तेवढे पुरतात. पुढील टप्पे मराठी प्रोटेस्टंट मंडळी डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. कॅथलिक धर्मग्रामांनी पाळकीय समितीच्या जागी पॅरिश कौन्सिल समजावे.

१. ठराव आणि जबाबदारी

तरुण संघाने परस्पर कार्यक्रम ठरवायचा आणि समितीला तो फलकावर वाचून कळायचा, ही पहिली चूक. पाळकीय समितीच्या सभेत लेखी ठराव करून घ्यावा. त्यात कामाचा कालावधी, जबाबदार व्यक्तींची नावे, खर्चाची मर्यादा, कोणते साहित्य वापरण्यापूर्वी पाळकांनी पाहावे, आणि मंडळीबाहेर पत्र पाठवायचे झाल्यास त्यावर कोणी सही करावी, हे स्पष्ट असावे. शेवटची बाब हमखास राहून जाते. पुढे एखादे पत्र तहसील कार्यालयात पोहोचले की मग ते मंडळीचे होते की चार मुलांचे, यावरून वाद होतो.

अठरा वर्षांखालील मुले सहभागी होणार असतील, तर पालकांची लेखी संमती आधी घ्यावी. छायाचित्रांसाठी वेगळी घ्यावी. कोणतीही बैठक एका प्रौढाच्या भरवशावर घेऊ नये, किमान दोन प्रौढ हजर असावेत आणि त्यांत एक स्त्री असावी. जातीविषयी किंवा घराविषयी बोलता बोलता एखादे मूल स्वतःवरील लैंगिक अत्याचाराबद्दल सांगू शकते. अशा वेळी २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘आधी समितीत चर्चा करू’ हा पर्याय कायदा देत नाही, आणि हे बैठक चालवणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असायला हवे.

तपासा: ठराव इतिवृत्तात उतरला आहे का? संमतीपत्रे कोणाकडे, कोठे ठेवली आहेत?

२. साहित्याआधी मंडळीची पाहणी

हा टप्पा बहुतेक मंडळ्या गाळतात, कारण तो अवघड आहे. तो गाळला की पुढचे सर्व शिक्षण दुसऱ्या कोणाविषयी तरी होते.

तीन-चार जाणत्या व्यक्तींनी सलग चार रविवार शांतपणे निरीक्षण करावे. पुढच्या बाकांवर सहसा कोण बसते आणि दाराजवळ कोण, शास्त्रवाचन कोणाकडे जाते, अर्पणाचे ताट कोण फिरवते, प्रीतिभोजनाच्या दिवशी मोठी भांडी कोण घासते, समितीच्या निवडणुकीत कोणती दोन-तीन कुटुंबे पुन्हा पुन्हा येतात, उपासनेनंतर चहा घेताना कोणाभोवती घोळका असतो आणि कोण लगेच फाटकाबाहेर पडते, याच्या साध्या नोंदी ठेवाव्यात. विवाहांच्या आणि दफनाच्या नोंदवह्या पाळकांच्या परवानगीने चाळाव्यात. एकाच मंडळीत राहून पिढ्यान् पिढ्या कोणत्या घराण्यांत सोयरीक झालेली नाही, हे त्या वहीत पांढऱ्यावर काळे दिसते.

प्रदेशाप्रमाणे पाहण्याच्या गोष्टी बदलतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, सोलापूर भागांतील जुन्या मिशन मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांमधील अंतर पाहावे लागेल. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी असे समाजगट आहेत. गोव्यात बामण, चारडो, सुदिर हे भेद आहेत, आणि तेथील ‘कोन्फ्रारी’ या चर्चमधील संस्थांच्या सदस्यत्वावर जातीची छाप कशी होती हे जुन्या माणसांना ठाऊक असते. पुण्या-मुंबईत आणखी एक पदर येतो. शिक्षणासाठी आलेले नागालँड, मणिपूर, मिझोरमचे आणि आफ्रिकी देशांतील तरुण आपल्याच आवारात दुपारी वेगळी उपासना घेतात. ते आपले भाऊबंद आहेत की केवळ सभागृहाचे भाडेकरू, हेही पाहावे.

सावधान: छापील अर्ज वाटून कोणाचीही जात विचारू नये. लहान मंडळीत अर्जावर नाव नसले तरी अक्षरावरून माणूस ओळखू येतो, आणि ज्या ओळखीपासून कुटुंब तीन पिढ्या दूर राहिले ती पुन्हा चव्हाट्यावर येते. नोंदीत व्यक्तींची नावे लिहू नयेत. काय घडते ते लिहावे, कोणी केले ते नाही.

पाहणीचा गोषवारा एका पानाचा असावा, तो प्रथम पाळकांना आणि समितीला दाखवावा, व्यासपीठावरून वाचू नये.

३. साहित्य निवडणे

नागपूरला मुख्यालय असलेली भारतातील चर्चेसची राष्ट्रीय परिषद दलित मुक्ती रविवारसाठी उपासनाक्रम तयार करते. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाविषयीचे धोरण जाहीर केले. कॅथलिक नसलेल्या मंडळ्यांनाही ते वाचण्यासारखे आहे, कारण चर्चच्या आत भेदभाव होतो हे त्यात उघड मान्य केले आहे. आपल्या सिनॉडचे (चर्चच्या वरिष्ठ सभेचे) आणि धर्मप्रांताचे साहित्य तर आधी मागवावेच. अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील चर्चेसनी वंशभेदाविषयी तयार केलेले अभ्यासक्रमही सहज उपलब्ध असतात, पण त्यांच्याकडे शेवटी वळावे.

निवडताना प्रत्येक पुस्तिकेला तीन प्रश्न विचारावेत. यात वाचणाऱ्याला स्वतःच्या मंडळीकडे पाहावे लागते का? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा आवाज यात आहे, की केवळ त्यांच्याविषयीची कळकळ आहे? चर्चेसाठी दिलेल्या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘प्रेम करावे’ एवढ्यात संपतात का? तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी आले तर ती पुस्तिका बाजूला ठेवावी.

‘चर्चसाठी आहे, म्हणजे कोणीही छापावे’ हा समज चुकीचा आहे. पुस्तिकेचे भाषांतर करून छापण्यासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. पवित्र शास्त्राच्या प्रचलित आवृत्तीतील लांब उतारे छापायचे असतील तरी बायबल सोसायटीला विचारावे. पंडिता रमाबाईंचे निधन १९२२ सालचे आणि नारायण वामन टिळकांचे १९१९ सालचे असल्याने, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे या भारतीय नियमाप्रमाणे रमाबाईंचे शास्त्र-भाषांतर आणि टिळकांची गीते छापण्यास अडचण नाही.

सावधान: परदेशातील मित्रमंडळीने छपाईसाठी पैसे देऊ केले, तर एफसीआरए या परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखालील नोंदणीशिवाय ते कोणाच्याही खात्यावर घेऊ नयेत. ‘रक्कम लहान आहे’ हे कारण चालत नाही. शंभर प्रतींची छपाई मंडळीच्या अर्पणातून होऊ शकते.

४. रूपांतर

परदेशी अभ्यासक्रमात दुकानात शिरलेल्या कृष्णवर्णीय ग्राहकावर पाळत ठेवली जाते असे उदाहरण असते. ते जसेच्या तसे मराठीत आणले की श्रोते माना डोलावतात आणि सुखरूप घरी जातात, कारण त्या गोष्टीत ते कोठेच नसतात. त्या जागी भाड्याच्या खोलीचे उदाहरण घ्यावे. दलाल फोनवर आधी आडनाव विचारतो, आडनावावरून कळले नाही तर ‘मूळ गाव कोणते, कोणत्या आळीतले’ असे विचारतो, आणि मग खोली ‘कालच गेली’ असे सांगतो. नागा विद्यार्थिनीला तो चेहरा पाहूनच ‘तुमच्या जेवणाचा वास येतो’ म्हणतो, आणि आफ्रिकी विद्यार्थ्याचा तर फोनही उचलत नाही. या तीन नकारांत काय समान आणि काय वेगळे, एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास सकस चर्चा होते.

वंशभेदावर बोलणे सोपे वाटते म्हणून जात मागे ढकलली जाण्याचा धोका येथे आहे. परदेशस्थ मराठी मंडळ्यांत तो अधिक. तेथे आपण भेदभाव सोसणारे असतो आणि आपल्यातला भेदभाव दिसेनासा होतो. सिएटल शहराने २०२३ साली जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली, ती तेथील दक्षिण आशियाई लोकांमध्ये जात पोहोचली होती म्हणूनच.

५. चार बैठका

प्रत्येक बैठक दीड तासाची असावी, वीसपेक्षा अधिक लोक नसावेत, आणि बाके हलवता येत असतील तर वर्तुळात बसावे. दोन चालक असावेत. एक चर्चा पुढे नेईल आणि दुसरा कोण गप्प आहे, कोण अस्वस्थ आहे याकडे लक्ष ठेवील.

पहिली बैठक याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभावर घ्यावी. सभेत सोन्याची अंगठी घातलेला आणि मळके कपडे घातलेला अशी दोन माणसे येतात आणि त्यांना वेगवेगळी जागा दाखवली जाते. उतारा वाचल्यावर विवेचन करू नये. मंडळीच्या सभागृहाचा नकाशा फळ्यावर काढावा आणि ‘नवे कुटुंब आले तर आपण त्यांना कोठे बसवतो?’ एवढेच विचारावे. पाहणीतील एखादी नोंद, नाव न घेता, येथे ठेवता येते.

दुसरी बैठक कायद्याची. तिच्यात सर्वाधिक चुका होतात. १९५०च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली आणि २०२२ साली न्यायमूर्ती बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अशी अट नाही, त्यामुळे ख्रिस्ती भिल्ल, वारली किंवा कोकणा कुटुंबाचा जमातीचा दर्जा केवळ ख्रिस्ती असण्याने जात नाही. या दोहोंची गल्लत करून व्यासपीठावरून चुकीची माहिती दिली जाते आणि मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज त्यामुळे राहतात. फळ्यावर समाज, सध्याचा दर्जा आणि तो कोणत्या वर्षीच्या बदलामुळे, असे तीन रकाने काढावेत. कोणी ‘दाखला कसा मिळवायचा’ किंवा ‘अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार होईल का’ असे विचारल्यास सभेत सल्ला देऊ नये, वकिलाकडे पाठवावे.

तिसरी बैठक प्रेषितांच्या कृत्यांतील सहाव्या अध्यायावर. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते आणि तशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही, ‘प्रेम वाढवा’ असा उपदेशही केला नाही. सात माणसे निवडून कारभार त्यांच्या हाती दिला, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्या गटाची तक्रार होती बहुधा त्याच गटाकडे व्यवस्था गेली. गट पाडून एकच प्रश्न द्यावा: आपल्या मंडळीत अशी तक्रार आली, तर कोणती जबाबदारी कोणाच्या हाती जायला हवी? उत्तरे लिहून घ्यावीत, ती पुढच्या टप्प्याला लागतात.

चौथी बैठक ईशान्येकडील किंवा आफ्रिकी बांधवांबरोबर घ्यावी, त्यांच्याविषयी नव्हे. गणनेच्या बाराव्या अध्यायात मोशेच्या कूशी पत्नीवरून मिर्याम आणि अहरोन यांनी केलेली टीका हा वाचनासाठी नेमका उतारा आहे. भाषा आडवी येत असेल तर बैठक हिंदीतून घ्यावी. मराठीचा आग्रह येथे धरू नये. जेथे असे बांधव नाहीत, तेथे ही बैठक सोडून तिसरी दोन भागांत घ्यावी.

सावधान: ‘तुम्ही सोसले आहे, तुम्ही सांगा’ असे म्हणून कोणालाही साक्ष द्यायला उभे करू नये. तसेच भर सभेत एका कुटुंबाला दुसऱ्याची क्षमा मागायला लावू नये. त्यातून रडारड होते, छायाचित्रे निघतात, आणि पुढच्या रविवारी बाके होती तशीच भरतात.

तपासा: दुसऱ्या बैठकीनंतर उपस्थिती घटली का? घटली असेल तर कोण येईनासे झाले ते पाहून घरी भेट द्यावी.

६. तरुणांनी एक प्रश्न हाती घेणे

बैठका संपल्यावर तरुण संघाने एकच प्रश्न निवडावा. तो स्थानिक असावा, त्यावर निर्णय घेणारा अधिकारी कोण हे ठाऊक असावे, आणि सहा महिन्यांत काही हालचाल होण्याजोगा असावा. ‘जातिअंत’ हा प्रश्न या कसोटीवर उतरत नाही. गावात दफनभूमी नसणे हा उतरतो.

दफनभूमीचेच उदाहरण घ्यावे. प्रथम गावातील ख्रिस्ती कुटुंबांकडून माहिती घ्यावी आणि त्यांची इच्छा आहे का ते विचारावे. शहरातल्या मंडळीने परस्पर अर्ज केला आणि त्याचा ताप गावातल्या दोन घरांना झाला, असे होऊ नये. मग संबंधित गट क्रमांकाचा सातबारा काढावा. जागेची नोंद काय आहे हे कळत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर, साधारण दीडशे शब्दांत असावा लागतो. तरुणांचे अर्ज फेटाळले जातात ते बहुधा येथे. ते एका अर्जात पाच प्रश्न आणि एक निषेध घालतात. कागद हाती आल्यावर ग्रामसभेत विषय मांडून ठराव घ्यावा आणि त्यानंतर तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार मोकळी सरकारी जमीन दफनभूमीसाठी राखून ठेवता येते. अर्जात या कलमाचा उल्लेख करावा.

अर्जांवर अठरा वर्षांवरील व्यक्तींनीच सह्या कराव्यात. मुलांना कार्यालयात नेण्याने काम लवकर होत नाही. मुलांकडे नकाशा काढणे, जुन्या माणसांकडून माहिती लिहून घेणे, प्रतींची फाइल सांभाळणे ही कामे द्यावीत. ती खरी कामे आहेत. प्रत्येक अर्जाच्या पोचपावतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणून पोच न घेतलेला अर्ज साहेबांची बदली झाली की नाहीसा होतो.

सावधान: निवडणुकीच्या तोंडावर कोणत्याही पक्षाचा उमेदवार दफनभूमी ‘मिळवून देण्यासाठी’ पुढे आला, तर त्याच्याबरोबर व्यासपीठावर बसू नये. विरोधी बाजू निवडून आली तर तो अर्ज पाच वर्षे अडतो.

७. सुवार्ताप्रसार वेगळ्या दिवशी, वेगळ्या पत्रकाने

न्यायशिक्षणाचा कार्यक्रम आणि सुवार्तेचे पत्रक यांत किमान काही आठवड्यांचे अंतर ठेवावे. नाताळपूर्वीचा आगमनकाळ नोव्हेंबरअखेरीस सुरू होतो; तो या कामासाठी स्वाभाविक आहे.

कायदा दोन वाक्यांत असा. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असा निर्णय दिला. गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक येथे धर्मांतराविषयी स्वतंत्र कायदे आहेत. सीमेवरच्या मंडळ्यांनी पलीकडच्या गावी जाण्याआधी तेथील आणि आपल्या राज्यातील त्या वेळी लागू असलेला कायदा वकिलाकडून समजून घ्यावा.

पत्रकात येशूच्या शिकवणुकीविषयी किंवा स्वतःच्या विश्वासाविषयी लिहावे, दुसऱ्याच्या देवाविषयी आणि श्रद्धेविषयी एक शब्दही लिहू नये. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी हे करू नये. बरे करण्याचे, नोकरीचे, शाळाप्रवेशाचे आश्वासन छापू नये. खाली मंडळीचे नाव, पत्ता आणि मुद्रकाचे नाव असावे. धान्यवाटप, आरोग्य शिबिर किंवा शिकवणी वर्गात हे पत्रक ठेवू नये. दुसऱ्यांच्या लहान मुलांच्या हाती ते देऊ नये.

महाराष्ट्रात एक बाब विशेष जपावी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि आपल्या शेजारच्या वस्त्यांतील कित्येक घरांनी तीच वाट धरलेली आहे. त्यांना ‘आमच्याकडे जात नाही’ असे सांगत जाणारा प्रचारक दुसऱ्या टप्प्यातल्या पाहणीने आधीच खोटा पडलेला असतो. त्या वस्तीत जायचे तर जयंतीच्या तयारीला, रक्तदानाला, पाण्याच्या प्रश्नावरील मोर्चाला शेजारी म्हणून जावे, आणि पत्रक घरी ठेवावे. कोणी विश्वासाबद्दल विचारले तर मोकळेपणाने सांगावे.

८. नोंद आणि पुढचे हस्तांतर

दलित मुक्ती रविवारची उपासना या क्रमात बैठकांनंतर येते, म्हणून तिची तयारी जड जात नाही. तिसऱ्या बैठकीत लिहून घेतलेल्या उत्तरांपैकी समितीने मान्य केलेले दोन बदल त्या दिवशी जाहीर करावेत आणि दोनच करावेत: उदाहरणार्थ, शास्त्रवाचनाची पाळी यादीप्रमाणे फिरेल, आणि प्रीतिभोजनाच्या स्वयंपाकाची व भांड्यांची जबाबदारी समितीच्या सदस्यांपासून सुरू होईल.

फेब्रुवारीत, लेंटपूर्वी (ईस्टरआधीच्या उपवासकाळापूर्वी), समितीने हे दोन बदल टिकले का ते पाहावे आणि इतिवृत्तात उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे लिहावे. तरुण संघाचे पदाधिकारी दरवर्षी बदलतात, म्हणून अर्जांची फाइल, पोचपावत्या आणि माहिती अधिकाराची उत्तरे चर्चच्या कार्यालयातील कपाटात ठेवावीत, कोणाच्या घरी किंवा मोबाइलमध्ये नव्हे. पाहणीच्या मूळ नोंदी समितीने गोषवारा स्वीकारल्यावर नष्ट कराव्यात. संमतीपत्रे मात्र कुलुपात राहू द्यावीत, आणि त्या कपाटाच्या किल्ल्या दोन व्यक्तींकडे असाव्यात.